बोकडानं अंग झाडलं

बोकड काही अंग झाडेना.

लखननं पहिला लोटा त्याच्या पाठीवर ओतला, मग लखनच्या आईनं, रुपीबाईनं, दुसरा. बोकडानं मान वळवून म्हातारीकडं एकदा पाहिलं, समोरचा कडुनिंबाचा पाला ओढला आणि तो खुशाल चघळत उभा राहिला. मे महिन्याच्या उन्हात पाठीवर गार पाणी पडल्यावर कोणता शहाणा जीव थरथरेल? तो आपला सुखावला होता.

पण मरियामाच्या ठाण्यापुढं जमलेल्या तांड्याला हे सांगणार कोण! नवसाच्या बोकडावर पाणी टाकायचं आणि वाट पाहायची. त्यानं अंग झाडलं, की याडीनं, म्हणजे देवी मरियामानं, नवस मान्य केला असं समजायचं. तोवर सुरी लावायची नाही, हा रिवाज. फुलसावंगीपासून थोडा आत असलेला हा तांडा सकाळपासून खोळंबला होता. बायका मसाला वाटून बसल्या होत्या, चुलींवर पाणी उकळत होतं, आणि म्हाताऱ्यांपासून शेंबड्या पोरांपर्यंत साऱ्यांच्या नजरा एका काळ्या बोकडाच्या कातडीवर खिळल्या होत्या.

उज्ज्वला ठाण्याच्या कडेला उभी होती. ती लखनची बायको. नवस तिच्यासाठीच होता. तिचा उजवा हात बरा झाला म्हणून हा बोकड, हे गावजेवण. त्या हातात खांद्यापासून बोटांच्या शेंड्यांपर्यंत नुसती आग होत होती, आणि तो तिनं पदराखाली लपवला होता.

दुखणं सुरू झालं ते ऊसतोडीत. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यातल्या एकानं बसायचं म्हटलं की उरलेल्याला कुणी विचारत नाही. डोक्यावर उसाची मोळी घेऊन उज्ज्वला फळीवरून ट्रॉलीत चढत होती. फळी हलली, मोळी घसरली आणि हात मोळीखाली पिरगळला गेला. खांदा संध्याकाळपर्यंत काळानिळा झाला. मुकादमानं लांबूनच विचारलं, "मोडलं-बिडलं नाही ना? मंग उचल." उज्ज्वलानं लखनकडं पाहिलं. लखन दुसरीकडं पाहत होता. दुसऱ्या दिवशी तिनं मोळी उचलली, आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे तोडीचा हंगाम संपेपर्यंत, उचलतच राहिली.

घरी येईतो सूज उतरली. दुखणं उतरलं नाही. भाकरी थापताना, केस विंचरताना, कापूस वेचताना खांद्यातून कळ निघायची, बोटं एकाएकी ढिली पडायची आणि हातातलं भांडं खाली. मग दवाखाने सुरू झाले. कुणी पित्ताच्या गोळ्या दिल्या, कुणी ताकदीचं सलाईन लावलं, कुणी झोपेचं औषध दिलं. आजार रेड्याला आणि औषध पखालीला! शेवटी मोठ्या शहरात नेऊन तिला एका खडखडणाऱ्या मशीनमध्ये घातलं. बाहेर लखन बसला होता, आत ती पडल्या पडल्या देवाला विनवत होती, की बाबा रे, काहीतरी निघू दे. एखादी चीर, एखादी गाठ, काहीही. माणसानं आपल्या अंगात खोट निघावी म्हणून हात जोडावेत, इतकी तिची गत झाली होती.

काही निघालं नाही. डॉक्टर तिच्या डोक्यावरून लखनशी बोलला, "सगळं नॉर्मल आहे. मनाचं आहे हे. टेन्शन घेऊ देऊ नका."

लखननं तांड्यात येऊन तेच सांगितलं. आता 'मनाचं' म्हणजे काय, हे डॉक्टरनं सांगितलं नव्हतं आणि लखननं विचारलं नव्हतं. तांड्यानं त्याचा आपल्या परीनं अर्थ लावला. शेजारची तुळसाबाई पाण्याच्या टाकीवर बायकांना म्हणाली, "कामाच्या टाइमाले दुखते, जेवाच्या टाइमाले नाही दुखत. नाचता येईना अंगण वाकडं!" हे उज्ज्वलाच्या पाठीमागं नाही, तिच्या देखत म्हणाली.

तेव्हापासून उज्ज्वलाला दोन दुखणी झाली. एक खांद्याचं, आणि दुसरं ते खरं आहे हे सिद्ध करत बसायचं. आणि हे दुसरं पहिल्याला बरं होऊ देईना. एखाद्या सकाळी हात जरा हलका वाटायचा. पण हलवायची सोय कुठं होती? कुणी पाहिलं तर म्हणणार, काल बोंबलत होती ना, आज कसा चालतो? म्हणून ज्या दिवशी कमी दुखायचं त्या दिवशीही ती हात गळ्यात बांधूनच फिरायची. चार माणसांत आली की चेहरा जरा जास्तच वाकडा करायची. त्याची तिला लाज वाटायची आणि लाजेहून जास्त राग यायचा. बांधून ठेवलेला हात आखडत गेला, आखडला म्हणून जास्त दुखू लागला. घरात एकट्या रुपीबाईनं तिला कधी ढोंगी म्हटलं नाही. म्हातारीचा दवाखान्यावर भरवसा नव्हता, देवीवर होता. तिनं मरियामापुढं पदर पसरून नवस बोलला, "माह्या सुनेच्या हातानं पान्याचा गुंड डोक्शावर चढू दे, याडी. तुले काळा बोकड देईन."

मग पुसदच्या एका डॉक्टरीणबाईंकडं जाणं झालं. बाईंनी सगळे फोटो, सगळे कागद पाहिले, बाजूला ठेवले आणि थेट उज्ज्वलाला विचारलं, "लागलं तेव्हा आराम किती मिळाला?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. उज्ज्वलाच्या डोळ्यांतून घळघळ पाणी आलं आणि त्या पाण्याचाही तिला राग आला.

"हे बघा," बाई म्हणाल्या, "तुम्हाला दुखतं हे खरं आहे. आतमध्ये आता काही मोडलेलं नाही, हेही खरं आहे. शेतात राखणीला कुत्रं आहे का तुमच्या?"

"हाव."

"एकदा रानडुक्कर येऊन नासधूस करून गेलं, की त्यानंतर कुत्रं काय करतं?"

"मंग काय बाई, पान हाललं तरी भुकते. रातभर."

"तसंच झालंय. डुक्कर कधीच गेलं. तुमच्या खांद्यातलं कुत्रं अजून भुंकतंय. ते खोटं भुंकत नाही, घाबरलंय. हाड् हाड् करून ते गप्प बसणार नाही आणि बांधून ठेवलं तर जास्तच भुंकेल. रोज थोडं थोडं फिरवून आणायचं. दुखणं येतं हत्तीच्या पावलानं आणि जातं मुंगीच्या, ठाऊक आहे ना? मधेच पुन्हा वाढेल, पुन्हा उतरेल. घाई कुणी करायची नाही." शेवटचं वाक्य त्या लखनकडं पाहून बोलल्या. लखननं मान हलवली. मान हलवायला त्याचं काय जातंय!

उज्ज्वला घराच्या मागच्या भिंतीपाशी, कुणी नसताना, उजव्या हाताची बोटं भिंतीवरून वर चालवू लागली. रोज थोडी वर. जिथं बोटं पोचायची तिथं ती नखानं रेघ ओढायची. पावसाळ्यात छातीशी असलेली रेघ हिवाळा संपता संपता डोक्यापाशी आली. रात्री झोप लागू लागली. आणि एका सकाळी, टाकीवर, कशाचा तरी विचार करत असताना, तिनं भरलेला पितळी गुंड दोन्ही हातांनी उचलला आणि डोक्यावर चढवला. चढवल्यावर तिच्या लक्षात आलं. ती हसली. खरोखर हसली.

रुपीबाईनं ते पाहिलं. म्हातारी टाकीवरूनच ओरडत सुटली, "याडीनं आयकलं! माही सून बरी झाली!" अर्ध्या तासात तांड्याचा प्रमुख खेमसिंग नाईक याच्या ओट्यावर नवस फेडायचा दिवसही ठरला.

त्या रात्री उज्ज्वलाचा खांदा पेटला. मुंगीच्या वाटेवर गुंड आला होता, दुसरं काय होणार? बाई म्हणाल्या होत्या तसं दोन-चार दिवस हळू घेतलं असतं तर उतरलंही असतं. तिनं लखनला सांगितलं, "अजून पुरं बरं नाही झालं. नवस जरा मांगं ढकला."

"आता काही बोलू नको," लखन म्हणाला. "साऱ्या तांड्याले सांगून झालं. याडी कोपली तं?"

"याडीले मी समजावीन. तुमी नाईकाले समजवा."

"तुले मटन खाऊ घालाचं नाही का लोकायले? दोन साल त्यायनं मले काय काय आयकवलं, तुले मालूम नाही!"

त्याला ऐकवलं! आणि उज्ज्वलाला?

आणि मग काय विचारता. बऱ्या झालेल्या बाईला कोण सोडतं? भरलेले गुंड तिचे, पाटा-वरवंटा तिचा, नवसासाठी घर सारवणं तिचं. पुसदला जाणं बंद झालं, कारण बऱ्या माणसाला दवाखाना कशाला. कळ आली आणि ती थांबली की कुणीतरी म्हणायचं, "आता तं देवीनं बी बरं केलं, आता काय?" आधी दुखणं दिसत नाही म्हणून खोटं होतं. आता ते देवीचा अपमान झालं. भिंतीवरची रेघ खाली खाली येत छातीशी गेली. मग तिनं रेघ ओढायचंच सोडलं.

आणि आज हा बोकड अंग झाडत नव्हता.

खेमसिंग नाईकानं तिसरा लोटा ओतला. बोकडानं कान हलवला. गर्दीतून एक हुंकार उठला आणि विरला, कारण नुसता कान चालत नाही, सारं अंग हललं पाहिजे. लोक पुढं सरकले. कुणी वाकून बोकडाच्या पोटाखालून पाहत होतं, कुणी शेपटीकडं बोट दाखवत होतं. "पाह्य पाह्य, पाठीवर काटा आला!" "नाही गा, ते पानी वघळलं."

उज्ज्वला हे पाहत होती. दोन वर्षं ती यांच्यापुढं कण्हत होती. एकानं कधी असं वाकून पाहिलं नव्हतं.

"असं करा," नाईक घाम पुसत म्हणाला, "जिच्यासाठी नवस, तिनंच पानी टाकावं. ये व, उज्ज्वला. उजव्या हातानं टाक, अन् याडीले म्हन, मी बरी झाली."

रुपीबाईनं भरलेला लोटा पुढं केला. तांब्याचा, जड. लखननं डोळ्यांनी खूण केली, घे लवकर. उज्ज्वलाला कळत होतं, की आता हा लोटा उजव्या हातानं उचलला, दात आवळून का होईना उचलला, की संपलं. जन्मभर पुन्हा 'दुखतं' म्हणायची सोय राहणार नाही. याडीच्या पुढं, तांड्याच्या पुढं तिच्या दुखण्यावर माती लोटली जाईल, आणि ते आत जिवंतच असेल.

तिनं पदराखालचा उजवा हात बाहेर काढला, सगळ्यांना दिसेल असा मोकळा सोडला, आणि लोटा डाव्या हातानं घेतला.

"अवं, डाव्या हातानं?" तुळसाबाई किंचाळली. "देवीचं काम हाय!"

"उजवा नाही उचलत," उज्ज्वला म्हणाली. आवाज मोठा निघाला, तिला स्वतःला दचकायला झालं. "आज बी नाही, काल बी नाही. एक डाव गुंड चढला, ते खरं हाय. तुमी साऱ्यायनं पाह्यलं. त्या राती मी टक्क जागी होती, ते कोनी पाह्यलं नाही."

"चूप बस," लखन म्हणाला.

"नाही बसत! या बोकडानं जरासं अंग हालवलं तं तुमी सारे खरं मानसान. याचा फोटो नाही काढनार. याले मशीनमंदी नाही घालनार. याच्या मनाचं हाय, असं नाही म्हननार. अन् मी मानूस असून दोन साल बोंबलून राह्यली तं माह्यं अंग कोनाच्या डोयाले दिसलं नाही! बोकडाचं खरं, अन् माह्यं खोटं?"

चुलीवरचं पाणी खळखळत होतं. उज्ज्वलानं मरियामाच्या शेंदराकडं पाहिलं. "याडी, मी बरी नाही. तुले खोटं कायले सांगू?" असं म्हणून तिनं रागारागानं सगळा लोटा एकदम बोकडावर उपडा केला. धार पाठीवर न पडता नेमकी कानावर, डोळ्यांवर पडली.

बोकडानं अंग झाडलं. शिंगापासून शेपटीपर्यंत, थाडथाड, पुढच्या रांगेतल्या सगळ्यांवर पाणी उडवत झाडलं.

"मान्य केलं! याडीनं मान्य केलं!" एकच गिल्ला झाला. नाईकानं हात जोडले. लखनचा चेहरा उजळला. कुणीतरी ढोलक्यावर थाप मारली आणि सुरीवाला पुढं झाला.

"मी आता काय म्हटलं?" उज्ज्वला विचारत होती. "नाईक, मी आता काय म्हटलं ते आयकलं ना?"

"झालं ना आता," नाईक समजुतीनं म्हणाला. "याडी पावली. आता मनात काही आनू नको."

पुन्हा मनात! तिच्या हातातून रिकामा लोटा पडला, तो कुणी उचलला नाही.

दुपारी पंगत बसली. सळोई, म्हणजे बोकडाच्या रक्ताचं कालवण, पहिल्या वाढीतच संपलं. तुळसाबाई हाड चोखता चोखता शेजारणीला म्हणाली, "भांडताना पाह्यला का तिचा हात? कसा तलवारीसारखा फिरून राह्यला होता! तवा नाही दुखला." उज्ज्वलाच्या कानांवर ते पडलं. पूर्वीसारखा तिनं हात गळ्यात बांधला नाही, चेहराही वाकडा केला नाही. पंगतीत मध्यभागी बसून ती सावकाश जेवली. दुखऱ्या हातानं जेवली, बोटं ढिली पडली तेव्हा थांबली, पुन्हा घास उचलला. राग आल्यावर भूक मरते म्हणतात, तिची मेली नव्हती. लखन तिच्याकडं फिरकला नाही. तांड्यापुढं तमाशा केला म्हणून तो फुगून नाईकाच्या ओट्यावर बसला होता.

रुपीबाई मात्र जेवली नव्हती. नवस तिचा, बोकड तिनं पाजून वाढवलेला. ती ठाण्यापाशी रक्तावर माती टाकलेल्या जागेकडं पाहत बसली होती. उज्ज्वला ताट घेऊन गेली तेव्हा म्हातारीनं ताट बाजूला सरकवलं.

"राती दुखते का व?"

"हाव."

"त्या दिशी, गुंड चढला तवा बी?"

"तवा नाही दुखलं. राती दुखलं."

म्हातारी म्हणाली, "बोकडानं तं अंग झाडलं. मंग याडी खोटी, का तू खोटी?"

"कोनीच खोटं नाही," उज्ज्वला म्हणाली. तिच्या आवाजातला राग आता थकला होता, पण होता. "तवा चढला, आज नाही चढत. उद्या चढन बी, परवा नाही चढनार. पुसदची बाई हेच म्हनत होती. मले घाई नव्हती, बाई. तुमाले होती."



दुसऱ्या दिवशी सकाळी उज्ज्वला उठली तेव्हा माजघरातला पितळी गुंड जागेवर नव्हता. चुंबळही नव्हती. लखन घोरत होता. ती लहान कळशी घेऊन टाकीवर गेली. रुपीबाई तिथं आधीच पोचली होती. गेल्या कित्येक वर्षांत म्हातारीनं पाणी वाहिलं नव्हतं. गुडघ्यांनी तिला केव्हाच जवाब दिला होता. तिनं काठोकाठ भरलेला गुंड दुसऱ्या एका बाईच्या मदतीनं डोक्यावर घेतला, लटपटली, सावरली. "कंबरेवर घे ते, डाव्या," एवढंच सुनेला म्हणाली आणि चालू लागली.

उज्ज्वला कळशी डाव्या कंबरेवर घेऊन तिच्या मागं निघाली. कालचं जेवून तृप्त झालेला तांडा दारादारांत दात घासत उभा होता. दोघींना पाहून माणसं तोंडातलं राखुंडीचं बोट तसंच ठेवून पाहू लागली. काल देवीनं बरी केलेली सून मागं, आणि गुंड म्हातारीच्या डोक्यावर. तुळसाबाई तर सरळ वाटेत येऊन उभी राहिली.

"काय व रुपीबाई, सून बरी झाली ना? मंग तू काहून आनते पानी?"

रुपीबाई थांबली. मान डगमगली आणि काठावरचं पाणी हिंदकळून तिच्या कपाळावरून, कानामागून मानेवर उतरलं, चोळीखाली पाठीवर गेलं. गार पाणी होतं. तुळसाबाई वाट पाहत होती. म्हातारीनं अंग झाडलं नाही.

"वाट दे," ती म्हणाली आणि पुढं चालू लागली.